आण्णांच्या हातचा साज

आण्णांना चहा द्यायचा तो उंच पेल्यात आणि तोही अर्धाच, हा नियम चिमणाबाईंनी तीन वर्षांपूर्वी स्वतःशीच केला होता. कुणी विचारलंच तर त्या सांगत, डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलाय. पण आज आण्णांची पंच्याहत्तरी होती. सकाळपासून गल्लीतली, गुजरीच्या सराफ बाजारातली माणसं भेटायला येत होती आणि प्रत्येकासाठी ट्रेमधून कपबशा बाहेर जात होत्या. प्रत्येक खेपेला चिमणाबाई ट्रेच्या पुढं होऊन आण्णांचा पेला त्यांच्या हातात देत, आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी नीट धरला की मगच मागं सरत.

आण्णांचा उजवा हात कापत होता. मांडीवर नुसता ठेवला तर काही नाही. पण काही उचलायला गेला, नेमकं काही धरायला गेला, की बोटं ऐकत नसत. घरात हे तिघांनाच ठाऊक होतं: आण्णांना स्वतःला, चिमणाबाईंना आणि सून स्वप्नालीला. डॉक्टरकडं नेलं तेही चिमणाबाईंनी देवदर्शनाच्या नावाखाली नेलं. डॉक्टर म्हणाले होते की घाबरण्यासारखं काही नाही, वयानं होतं काहींना, जेवणखाण, फिरणं सगळं चालू ठेवा, फक्त बारीक काम जमणार नाही. आण्णांनी, म्हणजे सयाजी पोतदारांनी, वयाच्या सोळाव्या वर्षापासून बारीक कामाशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. दवाखान्यातून परत येताना रिक्षात त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं होतं, "विश्वजितला कळता कामा नये."

विश्वजित त्यांचा मुलगा. गुजरीतलं दुकान तो बघायचा. घरच्या कामाच्या खोलीत आण्णा साज, ठुशी, चिंचपेटी असे गळ्यातले दागिने घडवत आणि दुकानात विश्वजित ते विकत असे. पण विकतो हा शब्द त्याला आवडत नसे. आलेल्या बाईसमोर तो मखमलीवर साज पसरायचा, एकेक पान बोटानं दाखवायचा, हा चंद्र, हे कासव, हा मासा, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, आण्णांच्या हातचा आहे. मशीनचा माल दुकानभर पडलेला असताना माणसं या एका वाक्यासाठी चंदगड-गारगोटीपासून येत.

त्याची बहीण अनुजा गारगोटीला शाळेत शिक्षिका होती. ती पहिल्या गाडीनं आली, आली तशी कंबर खोचून चिमणाबाईंबरोबर कणकेचे दिवे करायला बसली. संध्याकाळी पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरलं होतं. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेली नात तेजस्वी परीक्षेमुळं येऊ शकली नव्हती, पण सकाळीच फोनवरून आजोबांना बघून रडून झालं होतं तिचं. एकूण घर आनंदात होतं, आणि चिमणाबाईंना वाटत होतं की एवढा दिवस नीट पार पडू दे, उद्याचं उद्या बघू.

पण दुपारी पुरणपोळीची पंगत बसली आणि विश्वजितनं खिशातून फोन काढला.

गेले दोन महिने त्यानं हे सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं. दुकानाच्या दर्शनी बाजूला त्यानं एक काचेची खोली करून घेतली होती. आत बैठक, ऐरण, शेगडी, वर पांढरा दिवा. फोनमधला एकेक फोटो तो ताटावरून पुढं करून दाखवू लागला. पाडव्याला उद्घाटन. रोज दोन तास आण्णा तिथं बसतील, काम करतील, आणि रस्त्यानं जाणारं माणूस थांबून बघेल की साज असा होतो. आजवर आण्णांचं काम सगळ्यांनी घातलं, पण आण्णांना कुणी बघितलं नाही, असं तो म्हणाला, आणि हे म्हणताना पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाचा चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

स्वप्नाली तुपाची वाटी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

पहिल्यांदा चिमणाबाईच बोलल्या, आणि जरा जास्तच मोठ्यानं. या वयात माणसाला काचेत बसवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बोट दाखवायचं, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. विश्वजितला धक्का बसला. आईनं त्याच्या कुठल्याच बेताला आजवर मोडता घातला नव्हता. त्यात अनुजानं आईची बाजू घेतली. ती म्हणाली की आण्णांना आता विश्रांती पाहिजे, दादाला दुकानापुढं काही दिसत नाही, आण्णा किती वाळलेत हे तरी त्यानं बघितलंय का. बहीणभावांचा शब्दाला शब्द लागला. हे मी दुकानासाठी करतोय असं वाटतंय तुला, असं विश्वजितनं विचारलं आणि तिनं हो म्हटलं. फोन त्यानं पालथा करून ताटाशेजारी ठेवला.

आण्णा लेकाकडं बघत होते. त्यांना त्याचा तो पालथा फोन बघवेना.

"बसीन की," ते म्हणाले. "पाडव्याला बसीन. जेवा आता."

चिमणाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. आण्णांनी पोळीचा तुकडा डाव्या हातानं मोडला.

जेवणं झाल्यावर अनुजानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. तिला भावजयीशी बोलायचं होतं. स्वप्नालीबद्दल तिच्या मनात तसं वाकडं काही नव्हतं. हुपरीच्या, घरोघरी चांदीच्या पैंजणाचं काम चालणाऱ्या गावची ही मुलगी वीस वर्षांपूर्वी या घरात आली आणि कधी कुणाला उलटून बोलली नाही. तेजस्वी शाळेत जायला लागल्यावर ती आण्णांच्या हाताखाली बसू लागली, कानस मार, उजाळा दे, असली कामं करते, हेही अनुजाला माहीत होतं. पण आज तिचा राग मावत नव्हता. तिनं सरळ विचारलं की वैनी, तू इथं घरात असतेस, तुला दिसत नाही का. सकाळी आण्णा मला पेढा भरवायला गेले तर हात किती थकल्यासारखा वाटला. त्यांच्याकडून एवढे साज करून घेताय तुम्ही दोघं, गेल्या वर्षात किती झाले? दादाला सांगायचं काम तुझं होतं. का तुलाही दुकानासाठी आण्णांचं नाव हवंय?

स्वप्नाली भांडी विसळत होती. तिनं पातेलं पालथं घातलं, आणि ती पदराला हात पुसत असताना अनुजाची नजर त्या बोटांवर गेली. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या टोकाला कातडी जाड, पिवळी पडलेली. नखांच्या कडेला काळं. मनगटाच्या आत भाजल्याचे बारीक डाग, काही जुने, एक ताजा. अनुजा सोनाराची लेक होती. असे हात तिनं लहानपणापासून जेवणाच्या ताटासमोर बघितले होते, पण ते आण्णांचे.

ती पुढं काही विचारणार तेवढ्यात बाहेरून हाक आली. चंदगडहून विठाबाई आल्या होत्या.

विठाबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. काजूच्या बागा असलेल्या घरची, बहात्तर वर्षांची ताठ बाई. त्यांच्या लग्नातला साज हा आण्णांनी वडिलांच्या मदतीशिवाय केलेला पहिला साज. त्याला बावन्न वर्षं झाली. आता नातीचं लग्न ठरलं होतं आणि अक्कांचा हट्ट होता की तिलाही तस्साच साज पाहिजे, पान न पान तसंच. तो आज न्यायचा होता. पंच्याहत्तरीचा दिवस त्यांनी मुद्दाम धरला होता. आण्णांसाठी त्यांनी टॉवेल, टोपी, नारळ आणला होता, तो आल्या आल्या दिला आणि मग कामाच्या खोलीत सतरंजीवर बसल्या. सगळं घर त्यांच्याभोवती जमलं.

विश्वजितनं डबी उघडून नवा साज पसरला. अक्कांनी गळ्यातला स्वतःचा साज काढून त्याच्या शेजारी ठेवला. एकेक पान त्या बोटानं उचलून बघत होत्या, पहिलं जुनं, मग नवं. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"बावन्न वर्सं झाली की वो आण्णा," त्या म्हणाल्या. "हात काय हलला न्हाय तुमचा."

आण्णा नुसते हसले. चिमणाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

अक्कांचं एक लहानसं काम होतं. त्यांच्या जुन्या साजातल्या माशाची कडी झिजून तुटायला आली होती. सोन्याच्या तारेची एवढीशी कडी, ती बदलली की झालं. आता इथंच बसल्या बसल्या करून द्या, म्हणजे मला बघायलाही मिळेल, असं त्या म्हणाल्या. विश्वजितला तर हेच हवं होतं. त्यानं दिवा लावला, आण्णांच्या बैठकीवरची गादी सारखी केली आणि व्हिडिओ घ्यायला फोन धरून समोर उभा राहिला. पाडव्याला दुकानात लावायला बरं होईल, म्हणाला.

आण्णा बैठकीवर बसले. एकोणसाठ वर्षं ज्या जागी बसत आले, तिथंच. तारेचा तुकडा डाव्या हातात घेतला, उजव्यात चिमटा. चिमट्याचं टोक तारेजवळ गेलं आणि बाजूला सरकलं. पुन्हा गेलं. तार खाली पडली. त्यांनी ती शोधून उचलली. मासा पाटावर होता, कडी ओवायची जागा सुईच्या नेढ्याएवढी. चिमटा माशावर टकटक वाजला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. तार पुन्हा पडली.

दारातून स्वप्नाली पुढं आली. नेहमीच्या शांत आवाजात ती अक्कांना सांगू लागली की आण्णांचा चष्मा बदलायचा राहिलाय, नवा नंबर कालच काढलाय, आणि संध्याकाळच्या उजेडात एवढं बारीक दिसत नाही. मासा ठेवून जा, उद्या हे चंदगडला माणूस पाठवून देतील. सांगताना तिनं आण्णांच्या हातातला चिमटा असा सहज काढून घेतला, की जणू आवराआवर चाललीय.

आण्णा ऐकत होते. किती सफाईनं सांगत होती ती. न अडखळता, न नजर चुकवता. हुपरीहून आली तेव्हा भाजीत मीठ जास्त पडलं तरी आपणहून येऊन कबूल करणारी पोर होती ही. तिला खोटं बोलायला त्यांनी शिकवलं होतं. धातू कसा तापवायचा, लाख कशी भरायची, पत्रा कुठवर ठोकायचा, हे शिकवता शिकवता हेही शिकवलं होतं, आणि तेही तिनं बाकी सगळ्यासारखंच नीट उचललं होतं.

ते बैठकीवरून उठले.

"बस हितं," ते स्वप्नालीला म्हणाले.

ती जागची हलली नाही. तिनं सासूकडं बघितलं. चिमणाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांनी मान हलवली.

"बस, बाळ. अक्कांना काम बघायचंय. दाव त्यांस्नी."

स्वप्नाली बसली. पदर खोचला. तार घेतली, चिमट्याच्या टोकाभोवती एक वेढा दिला, कातरीनं टोक उडवलं, कडी माशाच्या नेढ्यात घातली, साखळीत अडकवली आणि दाबून तोंड मिटवलं. सगळं मिळून चार-पाच मिनिटं लागली असतील. मग नेहमीच्या सवयीनं तिनं ती कडी नखानं दोनदा ओढून बघितली आणि साज अक्कांच्या पुढ्यात ठेवला.

विश्वजितचा फोन कधीच खाली आला होता.

आण्णा उभ्या उभ्याच बोलले. अक्का, तुमच्या नातीचा साज माझ्या हातचा न्हाय, हिच्या हातचाय, असं त्यांनी सांगितलं. तीन वर्षं झाली, माझा हात गेला. तेव्हापासून या घरातून जे गेलं ते सगळं हिनं केलंय. मी शेजारी बसून बघतो, चुकलं तर सांगतो. आता तेही सांगावं लागत नाही. तुम्हाला नको असेल तर ठेवून जावा, माझं काही म्हणणं नाही. पण नाव माझं घेऊ नका.

अक्कांनी पुन्हा चष्मा लावला, नवा साज उचलला आणि माशाजवळ येऊन थांबल्या. मला वाटलंच होतं काहीतरी, त्या म्हणाल्या. माझ्या माशाचा डोळा नुसता ठिपका आहे, या माशाचा डोळा उघडा आहे, पापणीसकट. तस्साच करा म्हटलं होतं मी.

स्वप्नाली खाली मान घालून म्हणाली की चूक झाली. हुपरीत तिची आई पैंजणाच्या माशाला असाच डोळा करायची. हात आपोआप तिकडं गेला.

"चूक न्हवं ती," आण्णा म्हणाले. "मी बगितलं हुतं. माज्या माशापेक्षा जिवंत दिसला म्हणून ऱ्हाऊ दिला."

अक्कांनी साज डबीत ठेवला, डबी बंद केली आणि ती पिशवीत न टाकता मांडीवर घेऊन बसल्या. मग चिमणाबाईंना म्हणाल्या की घरात खण-नारळ असेल तर द्या, मी आण्णांपुरतंच घेऊन आले, मला काय माहीत. चिमणाबाई डोळे पुसत आत गेल्या. अक्कांनी त्याच बैठकीवर बसलेल्या स्वप्नालीची खणानारळानं ओटी भरली आणि विचारलं, तुझं माहेरचं आडनाव काय गं, गावात लोक विचारतील तर सांगता आलं पाहिजे.

या सगळ्यात विश्वजित खोलीतून कधी गेला हे अनुजाशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तो गच्चीवर टाकीच्या कठड्याला टेकून उभा होता. अनुजा त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. दुपारी ती त्याला जे बोलली त्याची तिला लाज वाटत होती, आणि वैनीला जे बोलली त्याची त्याहून जास्त. तिनं दोन्ही त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला की तीन वर्षं मी हजार माणसांना सांगितलं, आण्णांच्या हातचा आहे. माझ्या घरातली तिघं माणसं ते ऐकत होती. वैनीचे हात बघितलेस का कधी, एवढंच अनुजानं विचारलं, आणि जिन्यात स्वप्नालीची चाहूल लागल्यावर ती खाली निघून गेली.

ओटीतला नारळ अजून स्वप्नालीच्या हातात होता. तो कुठं ठेवायचा हे न सुचून ती तशीच वर आली होती.

"मला एकदा पण सांगावंसं वाटलं न्हाय तुला?" त्यानं विचारलं.

"रोज वाटायचं."

"मग?"

ती कठड्यावर नारळ ठेवून उभी राहिली. आण्णांनी तिला शपथ घातली होती, पण ते काही खरं कारण नव्हतं, शपथा काय मोडता येतात. तिनं ते त्याला सांगितलं. लग्न होऊन आली त्या वर्षी विश्वजितनं तिला एक गोष्ट सांगितली होती. सतराव्या वर्षी वडिलांनी त्याला कामाला बसवलं. त्याच्या हातून एक पान जास्त तापून वितळलं, मग आणखी एक. सहा महिन्यांनी आण्णा म्हणाले, तुझा हात या कामाचा न्हाय, दुकानात बस. तो उठला तो पुन्हा त्या बैठकीवर बसला नाही. ही गोष्ट त्यानं हसत सांगितली होती, पण ती काही हसण्यासारखी नव्हती, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

"आण्णांचा हात गेला तवा ते मला म्हणाले, लेकाला उठवलं त्या जागेवर सून बसवली, हे त्याला कळलं तर त्याला काय वाटंल. त्यांना लाज हाताची न्हवती वाटत. तुमच्या म्होरं वाटत हुती."

पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेल्या सांडग्यांवरचं फडकं काढत होतं. विश्वजित ते पूर्ण काढून होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला, तळवा वर केला आणि दुकानात दागिना बघायचा तसा उजेडाकडं धरून बघितला. भाजल्याच्या प्रत्येक डागाला तो विचारत होता, हा कधीचा, आणि ती सांगत होती. हा तेजस्वीच्या दहावीच्या वेळचा. हा गेल्या दिवाळीतला. हा परवाचा, अक्कांच्या नातीच्या कासवाचा.

खाली आला तेव्हा आण्णा कामाच्या खोलीत एकटेच होते. अक्का गेल्या होत्या. विश्वजित दारात उभा राहिला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण आण्णाच आधी बोलले.

"तुला उठवलं तवा मी घाई केली," ते म्हणाले. "तुला सहा महिनं दिलं. हिला मी सा वर्सं दिली, तवा हात बसला हिचा. तुला सा वर्सं दिली असती तर काय झालं असतं, म्हाईत न्हाय मला. पर दिली न्हाईत. हे तुला कवातरी सांगायचं हुतं."

विश्वजित त्यांच्याजवळ जाऊन खाली बसला. म्हणाला, माझा हात नव्हताच आण्णा, मलाही ते ठाऊक होतं. मला दुकानच आवडतं. पण तुम्ही आज सांगितलंत ते बरं केलंत.

तेवढ्यात स्वप्नाली दिव्यांसाठी तेल न्यायला आत आली आणि विश्वजितनं तिला विचारलं की मग पाडव्याला तू बसशील का दुकानात.

"मी न्हाय बाई काचेत बसायची," ती म्हणाली. "लोक बघाय लागले तर माझा बी हात कापंल."

आण्णा हसले. तीन वर्षांत ते हाताच्या नावानं पहिल्यांदाच हसले होते, आणि हसले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं जरा थांबून, तेलाची बाटली पुसत सांगितलं की बसणार नाही, पण बोर्डावर नाव टाकायचं असेल तर आपली हरकत नाही. आण्णांच्या खाली टाका. विश्वजित म्हणाला, शेजारी. आण्णा म्हणाले, शेजारी.

संध्याकाळी पंच्याहत्तर दिवे लागले. आण्णांनी चिमणाबाईंना पेढा भरवला, तो निम्मा त्यांच्या पदरावर सांडला, आणि कुणी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजितला जाग आली ती शांततेनं. रोज सातच्या सुमाराला खालून हातोडीचा आवाज यायचा, टुक टुक, टुक टुक, आणि त्यानं तो उठायचा. जन्मापासूनचं ते घड्याळ होतं. आज साडेसात होऊन गेले तरी आवाज नव्हता. स्वयंपाकघरात आला तर स्वप्नालीही गॅस बंद करून कान देऊन उभी होती. दोघं एकमेकांशी न बोलता जिना उतरले. शेवटच्या पायऱ्या विश्वजितनं धावतच घेतल्या.

आईवडिलांच्या खोलीचं दार उघडं होतं. आण्णा पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपले होते. चिमणाबाई पायथ्याशी बसून माळ ओढत होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. विश्वजित तरी वाकून बघून आला. आण्णांची पाठ एका लयीत वरखाली होत होती, आणि ते चक्क घोरत होते.

"झोपूदे," चिमणाबाई कुजबुजल्या. "तीन वर्सात सातच्या म्होरं झोपला न्हाय त्यो माणूस. रोज उठून जाऊन बसायचा आन् रिकाम्या ऐरणीवर ठोकायचा."

विश्वजितला कळेना. रिकाम्या ऐरणीवर कशाला ठोकायचं, त्यानं विचारलं. स्वप्नालीलाही ते ठाऊक नव्हतं. सकाळचं आवरून ती दहा वाजता कामाला बसायची. तोवर आण्णा जुने पत्रे सरळ करतात अशी तिची समजूत होती.

"तुला वर ऐकू जावं म्हणून," चिमणाबाई म्हणाल्या.

विश्वजित दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. स्वप्नालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग तीच तिथून हलली. चहा व्हायचा होता, नाश्ता व्हायचा होता, पण ती स्वयंपाकघराकडं गेली नाही. कामाच्या खोलीचं दार उघडल्याचा, खिडकी उघडल्याचा आवाज आला. गारगोटीच्या गिऱ्हाइकाची एक ठुशी अर्धी होऊन पडली होती. थोड्या वेळानं हातोडी वाजू लागली, टुक टुक, टुक टुक.

पलंगावरचं घोरणं थांबलं. आण्णा जागे झालेत की काय म्हणून चिमणाबाई वाकून बघू लागल्या. त्यांनी डोळे उघडले नव्हते. ते ऐकत होते.

"पत्रा पातळ हाय त्यो," ते म्हणाले. "जरा हळू मार म्हणावं तिला."

आणि पांघरूण खांद्यावर ओढून ते पुन्हा झोपी गेले.